जिन्यातून परत येणारी हाक

आमच्या शाळेत बालवर्ग तळमजल्यावर आणि आठवी सगळ्यांत वर. मूल जसजसं वाढतं तसतसं एकेक मजला चढत जातं, आणि आठवी संपली की दुसऱ्या शाळेत निघून जातं. शाळा खासगी आणि लहानशी. इतकी, की चौथीतलं भांडण मधली सुट्टी संपायच्या आत आठवीपर्यंत पोचलेलं असतं. मी तिथं विज्ञान शिकवते. माझा मुलगा दुसरीत आहे. त्याच्या हाती पडलेली प्रत्येक पेन्सिल कुरतडून परत मिळते, म्हणून सगळे त्याला खारू म्हणतात.

खारूच्या हृदयात जन्मापासून दोष आहे. दोनदा ऑपरेशन झालं. "पुढचं पुढं बघू," असं डॉक्टर दर वेळी म्हणतात, आणि घरी पोचेपर्यंत आम्ही नवराबायको एकमेकांशी बोलत नाही.

शाळेचा जिना इमारतीच्या मधोमध गोल फिरत जातो. मधली पोकळी थेट तळघरापर्यंत. तिथं मोडकी बाकं ठेवलेली, दाराला कुलूप. कठड्यावरून वाकून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. मुलांचा हा जुनाच खेळ, आणि त्याचा गोंगाट आमच्या अंगवळणी पडलेला.

यंदा मोठी सुट्टी संपून शाळा उघडली आणि तो गोंगाट थांबला. एकदा मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममधून बाहेर आले, तर मुलं जिन्यात रांगेनं उभी, चिडीचूप. पहिलीतल्या एका मुलीनं कठड्याच्या गजांतून तोंड काढून हाक मारली, "कोण आहे?"

बराच वेळ काही नाही. मग खालून आलं, "कोण आहे?"

आवाज बाईचा होता. साठी उलटलेल्या बाईचा, जरासा घोगरा.

"मी आहे ती," मुलगी शेजारणीला म्हणाली, आणि पुढच्या मुलाला जागा करून दिली.

शिपाईमामांना घेऊन मी तळघर उघडलं. बाकांवर धुळीचा थर, जमिनीवर एकही पाऊल उमटलेलं नाही. वर येऊन टाळी वाजवली. टाळीच परत आली, आणि लगेच आली. वर्गात मी समजावून सांगितलं, की बारीक आवाज विरून जातो आणि जाड आवाज पोकळीत टिकतो, त्यामुळे तसा भास होतो.

"पण बाई," सातवीतला एक जण म्हणाला, "प्रतिध्वनी खोकतो का?"



पुढच्या मधल्या सुट्टीत मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, जिन्यात बोलावून आणलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. एकामागून एक मुलं येत होती, आणि खालून म्हाताऱ्या माणसांचे आवाज उत्तर देत होते. कुणाचा कापरा, कुणाचा खणखणीत, कुणी दात नसल्यासारखं बोलणारं. दुधाचे दात पडलेलं पोरगं वाकून हाक मारत होतं, आणि पुरतं पिकलेलं आयुष्य त्याला ओ देत होतं. माझ्या अंगावर काटा होता, पण ती भीती नव्हती. खारूला पहिल्यांदा माझ्या हातात दिलं होतं तेव्हा असंच काहीसं झालं होतं. नुसते हात जोडावेत असं वाटत होतं, आणि कुणाला ते कळत नव्हतं.

मग आठवीतली एक उंच मुलगी आली. तिला सगळे शिडी म्हणायचे. तिनं हाक मारली. परत आलेला आवाज तिचाच होता, थोडा भरलेला, कॉलेजातल्या मुलीसारखा.

तिनं पुन्हा मारली. पुन्हा तोच.

"माझा आवाज छान राहणार म्हणजे!" ती हसली. तिच्या मैत्रिणीनं तिचा हात धरला, तो घंटा झाली तरी सोडला नाही.

"उद्यापासून जिन्यात कुणी थांबायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही बघत हाक मारून?" मी हळूच विचारलं.

"मला काय वेड लागलंय?" त्या म्हणाल्या, आणि कठड्यापासून लांब, भिंतीच्या कडेकडेनं वर गेल्या.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चेष्टा करील असं वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "खारूनं मारली हाक?"

"नाही."

"मारू देऊ नकोस." भांडी विसळून झाल्यावर तो पुन्हा म्हणाला, "किंवा... बघ बाई तू."

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी वह्या आवरून निघाले तेव्हा इमारत रिकामी होती आणि जिन्यावर लख्ख ऊन पडलं होतं. खारू कठड्यापाशी थांबला.

"आई, सगळ्यांनी मारली. मीच राहिलोय."

नाही म्हणायचं होतं. मी त्याचा सदरा मागून घट्ट धरला.

"काय म्हणू?"

"काहीही म्हण."

तो वाकला. "आई!"

काही आलं नाही.

उन्हात धूळ तरंगत होती. माझ्या मुठीत त्याचा सदरा ओला झाला होता. खारू मान वळवून माझ्याकडे बघायला लागला.

"आई."

म्हातारा आवाज. पार म्हातारा, ऐंशीच्या पुढचा. पण शेवटची ई किंचित ओढून धरायची लकब खारूचीच.

मी पायरीवरच बसले. इतकी वर्षं ते हृदय चालणार होतं. तोंडावर हात दाबला तरी हुंदका फुटलाच.

"मीच ना गं तो?"

"तूच रे राजा. तूच."

मी डोळे पुसत होते, तेवढ्यात खालून पुन्हा आवाज आला.

"आई, आहेस का गं?"

मी खारूकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मी उठले, कठड्यावरून वाकले. खाली नुसता अंधार.

"आहे रे," मी ओरडले. "इथंच आहे, बाळा."

माझा आवाज खाली गेला. परत आला नाही.

खारूनं माझं बोट धरलं.

आणि खालून, उत्तर न मिळालेल्या माणसासारखं, जरा मोठ्यानं, पुन्हा आलं:

"आई?"