रेघ सपाट होताना

उंदराच्या मेंदूची पातळ चकती जिवंत ठेवणं हे माझं काम. ऐकायला भयंकर वाटतं, पण असतं महाकंटाळवाणं. सकाळी मीठ आणि थोडी साखर घालून कोमट पाणी करायचं, त्यात प्राणवायू सोडायचा, चकती त्या पाण्यातल्या जाळीवर ठेवायची आणि केसाहून बारीक तार तिच्यात टोचायची. विजेचा हलका झटका दिला की पेशी सेरोटोनिन सोडतात आणि पडद्यावरची रेघ उसळते. मन थाऱ्यावर राहायला हे रसायन लागतं म्हणतात. पण पेशी मोठ्या चिक्कू. आपणच सोडलेलं सेरोटोनिन आपल्याच अंगावरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखणाऱ्या खाचेला लागलं, की पुढच्या वेळी हात आखडता घेतात. आमचं औषध त्या रिसेप्टरवर ठाण मांडून बसतं, म्हणजे हा ब्रेक लागत नाही. संध्याकाळपर्यंत चकती मरते. कितीही जपा, मरतेच.

घरी माझा धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. "उंदरांना बरं करतेस, याला कधी करणार?" आई एकदा म्हणाली आणि मी तिच्यावर खेकसले.

त्या दिवशी दुपारी मी औषध सोडलं आणि झटका देण्याआधीच रेघ उसळली. तार हलली असेल म्हणून तपासली. जागच्या जागी होती. तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, हसला तो! आपणहून हसला!"

रेघ उसळत राहिली आणि आईचे फोनही येत राहिले. त्यानं दाढी केली. त्यानं जेवायला मागितलं. योगायोग, दुसरं काय, असं मी स्वतःला बजावलं. पण खात्री करून घ्यायची खोड काही जात नाही. औषधाची नळी बंद करून मी नुसतं पाणी सोडलं. रेघ खाली आली आणि फोन वाजला.

"हातातला घास तसाच टाकून आत गेला गं." आई रडकुंडीला आली होती.

मी धडपडत नळी उघडली. रेघ पुन्हा उठली, पण आधीएवढी नाही. चकतीच्या कडा पांढुरक्या पडायला लागल्या होत्या. खिडकीबाहेर ऊन उतरत होतं, तिकडे बघवेना.

सर दारातून डोकावले. "मेली की ती. टाकून दे आणि घरी जा."

"अजून आहे, सर."

औषध वाढवलं. प्राणवायू वाढवला. नखाएवढ्या त्या तुकड्यापुढे मी अक्षरशः हात जोडले.

फोन वाजला. या वेळी धाकटाच होता.

"ताई, पाणी गार पडत चाललंय गं."

त्यानं माझी प्रयोगशाळा कधीच पाहिली नव्हती. मी पाण्याच्या हीटरला हात लावला. तो थंड होता.

"कुठलं पाणी? अरे, बोल ना!"



रेघ सपाट झाली.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोळे उघडे, श्वास चालू. मी हाक मारली, खांदा हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. उशी ओलीचिंब होती.

"रडून रडून दमला असेल," आई म्हणाली.

मी उशीवर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. खारट होतं. आणि मागून किंचित गोड.