उलटी पाकळी

कामिनीला खरं तर शेजारच्या दुकानात जायचं होतं. पण त्याला कुलूप होतं, ऊन मरणाचं होतं, आणि वाडीतल्या पत्रेवाल्यांच्या त्या गल्लीत सावली म्हणावी अशी एकच – अश्विनच्या वर्कशॉपची. मार्च लागला की इथला प्रत्येक पत्रेवाला कूलरवाला होतो. कूलरच्या घाईत चौघांनी तिला आधीच हात जोडून नकार दिला होता. तरी तिने जिद्दीने ड्रॉइंगची गुंडाळी उघडली.

"मुलांच्या वाचनालयावर छज्जा करायचाय. आठ पाकळ्यांचा. बघा ना..."

अश्विनने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. आणि हसू दाबलं. ते दाबलेलं हसू कामिनीला मुळीच आवडलं नाही... निदान तेव्हा तरी.

"मॅडम, ही पाकळी वाटीसारखी खोल हाय. पत्रा असा नाई होत."

"का नाही? कॉम्प्युटरवर तर झाला!"

"मंग कॉम्प्युटरलेच सांगा बनवाले."

त्याच्या हातात फुटाण्यांचा निमुळता कागदी पुडा होता. न विचारताच त्याने सगळे फुटाणे तिच्या ओंजळीत ओतले आणि पुडा उलगडून टेबलावर सपाट पसरला.

"हे पाहा. पुड्याचा सपाट कागद झाला. सुरकुती नाई, फाटला नाई. आता याची वाटी करून दाखवा."

तिने फुटाणे ठेवून प्रयत्न केला. कडा चुरगळल्या, मधे घडी पडली, वाटी काही झाली नाही.

"पत्रा एका बाजूनं वळते," तो म्हणाला. आता आवाजात चेष्टा नव्हती. "दोन्ही बाजूनं एकदम वळवाले गेलं का रडते. कागदाचं जमलं तेच पत्र्याचं जमते."

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत हे तिला इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. तिला राग आला. त्या रागात तिने सगळे फुटाणे खाऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी ती नव्या पाकळ्या घेऊन आली, कागदाच्या. प्रत्येक पाकळी म्हणजे अर्धवट उलगडलेला पुडा: भिंतीशी निमुळती, बाहेर रुंद, आणि उजवीकडे किंचित कललेली. अश्विनने एकेक पाकळी बोटांनी सपाट केली, सोडली, पुन्हा सपाट केली.

"आता जमते," एवढंच म्हणाला. कामिनीला मात्र दिवसभर ते दोन शब्द पुरले.

काम दोन खेपांचं होतं. ती अकरा दिवस येत राहिली. अश्विनचे वडील, देवराव, कोपऱ्यात बसून रोज विचारायचे, "काहून वं पोरी, आज बी माप चुकलं का?" आणि बघायचे मुलाकडे.

जिवाला घोर मात्र खरा होता. शनिवारी उद्घाटन. तिचे बॉस, कृष्णकांत सर, स्पष्ट म्हणाले होते, शुक्रवारी छज्जा लागला नाही तर साधं फायबर टाकू, आणि या कामावर तुझं नाव राहणार नाही. तिचं हे पहिलंच काम. शिवाय एक भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती. छज्जा लागला, की वाडीला यायचं निमित्त संपलं.

गुरुवारी घोटाळा झाला. पत्रा एकाच बाजूने पिवळा रंगवलेला, म्हणून आखणी नेहमी मागच्या, साध्या बाजूवर करायची. आठव्या पाकळीच्या वेळी कामिनी टेपचं टोक धरून जवळ उभी होती, काहीतरी विचारत होती... आणि अश्विनने रंगाच्या बाजूवर आखलं. कापलं. वळवलं. सातजणींच्या शेजारी ठेवल्यावर दिसलं, ही डावीकडे कलते आहे. उलटी वळवावी तर रंग आत जातो. आणि तसला पिवळा पत्रा सोमवारपर्यंत मिळणार नव्हता.

"काहून? काहून असं केलं तुमी?" इतके दिवस जपलेली कामिनीची ऑफिसातली मराठी सुटली आणि रामटेकचं घर बोलू लागलं. "रोज पत्रा कापून राहिले, अन् माह्याच वेळी?"

"चूक माही हाय. तुमच्या साहेबाले मीच सांगतो." त्याने फोन उचललासुद्धा. "माहं ध्यान नव्हतं."

"कुठं होतं ध्यान?"

अश्विनचे कान लाल झाले. देवरावांना एकदम चहाची आठवण झाली आणि ते बाहेर गेले.

कामिनीचा राग अर्ध्यातच अडखळला. चेहरा लपवायला म्हणून ती पाकळ्यांपाशी गेली. उलटी पाकळी उचलून तिने रांगेच्या उजव्या टोकाला ठेवली. सातवी तिच्याकडे कललेली, ती सातवीकडे. एकाच पुस्तकात डोकं घातलेली दोन मुलं दिसावीत तशा दोघी.

"फोन ठेवा," ती म्हणाली. "टोकं एकमेकींवर चढू नयेत म्हणून या दोघींच्या बुडात वीतभर अंतर वाढवता येईल?"

शुक्रवारी संध्याकाळी छज्जा लागला. कृष्णकांत सर मान वर करून बराच वेळ बघत होते. "ही एकच उलटी का?"

अश्विनने तोंड उघडलं, पण कामिनी आधी बोलली. "चुकून कापली गेली, सर. पण आता मला ती तशीच हवी आहे."

सर पुन्हा वर बघत राहिले. "राहू दे," म्हणाले, "पण उद्या कोणी विचारलं तर तूच सांग. काम तुझं आहे." आणि गाडीकडे गेले.

अश्विन हत्यारं गोळा करू लागला. उगाचच हळूहळू.

"झालं मंग," तो म्हणाला. "आता वाडीले येण्याचं काही काम नाई राहिलं तुमाले."

"टेपचं टोक धरायला तरी मी कुठं हवी होते? एखादं वजन ठेवलं तरी चाललं असतं." तिचा आवाज बारीक झाला. "मीच सोडत नव्हते..."

"ठाऊक हाय. म्हणून तर वजन मी लपवून ठेवलं होतं."

ती हसली. मग हसू थांबलं.

"सोमवारी येते मी."

"काय काम हाय?"

"काहीच नाई," कामिनी म्हणाली. "तुले पाहाले येते."