चुकीच्या पोर्टात

आईचे कपडे दोन गाठोड्यांत बांधून मी जिना उतरत होते, तेव्हा तो वर येत होता. जिन्यातला दिवा गेलेला. आधी पायरीवर टेकणाऱ्या काठीचा आवाज आला, मग तो.

"सांभाळून," मी म्हणाले. "इथे अंधार आहे."

"असेल. पण तुमचं गाठोडं माझ्या खांद्यावर आदळलंय. सांभाळायचं तुम्हीच."

मी भिंतीला चिकटले. काठी पांढरी होती, हे मला तेव्हा दिसलं.

"तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ लॅपटॉपला हात लावायला तयार नाहीत म्हणे. अंधांच्या केंद्रातून आलोय मी. कुठलं घर?"

"आमचंच. वडील आहेत माझे."

"आणि हे काय नेताय?"

"आईचे कपडे. ती... गेल्या महिन्यात गेली."

त्याने मोकळा हात पुढे केला. "एक इकडे द्या. आधी खाली जाऊ, मग वर."

त्याने गाठोडं छातीशी धरलं आणि काठी टेकवत माझ्या पुढे उतरू लागला. अंधारात अडखळले ती मीच.

बाबांची नजर गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासून आईच त्यांना सगळं वाचून दाखवायची. वर्तमानपत्र, औषधांच्या चिठ्ठ्या, जाडजूड कादंबऱ्या. ती गेल्यावर एकदा मी वाचायला बसले. बाबांनी पानभर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राहू दे. तुझी आई स्वल्पविरामाला श्वास घ्यायची. तू पुढच्या ओळीवर पळतेस." त्यानंतर ते दिवसभर खुर्चीत बसून राहत. ताट हातात दिलं तर जेवत, नाही दिलं तर मागत नसत. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत घसरायला लागलं होतं.

मी दुसऱ्या शहरात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तिथून दोन महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली होती. स्वयंपाकाला बाई मिळाली, अडीनडीला शेजारच्या काकू होत्या. पण दिवस कसा जाणार? वाचनालयात पुस्तकं पेनड्राइव्हवर मिळत आणि लॅपटॉप ती मोठ्याने वाचून दाखवी. रजा संपायच्या आत बाबांना ते एकट्याने जमलं, तर मी परत जाणार होते. नाही जमलं, तर नोकरी सोडून कायमची इथे. तसं मी बाबांना सांगूनही टाकलं होतं.

"टायपिंग येतं मला, मास्तर," बाबा म्हणाले. "कोर्टात जन्मभर तेच केलं. ही भोकं नकोत."

"पोर्ट म्हणा, काका. भोकं चाळणीला असतात."

"मग चाळणीच आणायची होती. उपयोग तरी झाला असता."

मास्तर हसला. बाबांनी त्याला पहिल्याच वाक्यात मास्तर करून टाकलं होतं. "बरं, मग मी ताईंना शिकवतो. तुम्ही नुसते बसा." तो माझ्याकडे वळला. माझ्याकडे म्हणजे, माझ्या खांद्यापलीकडच्या कपाटाकडे. "डोळे मिटा."

"मिटले."

"खोटं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. आत्ता कळलं."

मी खरोखरच डोळे मिटले. खोलीत तीन माणसं, त्यातल्या एकीलाच दिसत होतं, आणि तिनेच डोळे मिटले.

"बंद लॅपटॉप नेहमी एकाच बाजूने ओळखायचा," तो सांगत होता. "मागे बिजागऱ्या लागतील, दोन गोल नळ्यांसारख्या. त्या पलीकडे ठेवा. आता डाव्या कडेवरून बोट आणा. हात लावू का?"

त्याने विचारलं, आणि मी हो म्हणाले तेव्हाच त्याच्या दोन बोटांचे शेंडे माझ्या मनगटाला टेकले. त्यानंतर प्रत्येक वेळी तो तसंच विचारत असे. कधीही गृहीत धरलं नाही.

"हे बारीक गोल, ते चार्जरचं. मग ही जाळी. चालू असताना इथून गरम वारा येतो, तिच्यावर पुस्तक-बिस्तक ठेवायचं नाही. हे एक टोक निमुळतं, ते टीव्हीला जोडायचं, काकांना नको. आता उजवी कड. यूएसबी, सपाट फट. नखाने बघा, आत जीभ लागेल. पुढे हेडफोनचं, हे पुन्हा गोल, पण त्यात चार्जर जात नाही. आता चालू करा, आणि घाला बघू पेनड्राइव्ह."

मी घातला. बसला.

"वाजलं का काही?"

"नाही."

"वाजणार नाही. लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या वायरीच्या पोर्टात गेलाय तो. त्याची रुंदी नेमकी सारखी, म्हणून बसल्यासारखा वाटतो. पण आत काही जुळत नाही."

"मग ओळखायचं कसं?"

"हलवून बघायचा. डुगडुगला, तर ती त्याची जागा नाही."

खुर्चीतून बाबा म्हणाले, "एवढ्या चुका काढते जगाच्या. आणि हे."

तो आठवड्यातून दोनदा यायचा. तो यायच्या आधी मी केस विंचरायला लागले, हे माझ्या उशिराने लक्षात आलं. घरातल्या दोघांपैकी एकालाही ते दिसणार नव्हते. त्याच्या शर्टाला कपडे धुण्याच्या साबणाचा वास असे. चहाचा कप हातात घेण्याआधी तो बशीच्या कडेवरून एकदा बोट फिरवी, आणि ते बोट फिरून पूर्ण होईपर्यंत मी श्वास धरून बसे. एकदा त्याने केंद्रातल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांनी चार्जरची पिन कानात घालून, अजून गाणं का लागत नाही म्हणून भांडण काढलं होतं. मी मोठ्याने हसले. हसता हसता खिडकीपाशी आईचा चष्मा दिसला, काचेवर धूळ बसलेला, आणि हसू तसंच तोंडात राहून गेलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि मी पुन्हा बोलेपर्यंत बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

पहिल्या आठवड्यातच मला सगळे पोर्ट पाठ झाले होते. दुसऱ्या आठवड्यात मी पेनड्राइव्ह पुन्हा लॅनमध्ये घातला. "डुगडुगतोय?" त्याने विचारलं. "हात लावू का?" पुढच्या खेपेला मी हेडफोनची पिन चार्जरच्या जागी नेली. चुका काढणं हा माझा धंदा. करायला मी तिथे शिकले. बाबा खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी अजून लॅपटॉपला बोटही लावलं नव्हतं, आणि रजा संपत आली होती. मला त्याची भीती वाटायला हवी होती. पण ते शिकले तर मास्तरच्या फेऱ्या थांबणार, हे मला त्याहून जास्त छळायला लागलं होतं. आई जाऊन तिसरा महिना लागत होता. स्वतःची लाज वाटे, आणि तरी शिकवणीच्या दिवशी मी केस विंचरत असे.

रजेच्या शेवटच्या आठवड्यात मास्तर आला, तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते.

"कोणी मध्ये बोलू नका," ते म्हणाले.

त्यांनी बिजागऱ्या चाचपल्या, लॅपटॉप फिरवून घेतला, चार्जर लावला, झाकण उघडून कोपऱ्यातलं बटण दाबलं. मास्तरने कीबोर्डाची मांडणी त्यांच्या जुन्या टाइपरायटरसारखी करून ठेवली होती. जाळीतून वारा सुटला. बाबांची बोटं एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे शोधून थांबली, आणि मग अशी सुटली, जशी मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. यंत्राने सपाट आवाजात वाचलं,

"मास्तर. माझी मुलगी सगळे पोर्ट पहिल्याच आठवड्यात शिकली आहे. ती मुद्दाम चुकते. तिला समज द्यावी."

माझे कान तापले.

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाला. "खरंच चुकणारा माणूस थबकत नाही, बेधडक चुकतो. या दर वेळी बरोबर पोर्टापाशी थांबायच्या... आणि मग पुढे जायच्या."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोललो असतो, तर केंद्राने मला दुसरं घर दिलं असतं."

बाबांनी घसा साफ केला. "मीही तुझ्याबरोबरच शिकलोय. नुसतं ऐकून. तू दुपारी बाजारात गेलीस की उघडायचो. सांगितलं असतं तर तू गेली असतीस." ते थांबले. "आता जा. इथे बसून राहिलीस म्हणून ती येणार नाही. मीही बसून पाहिलं."

मग त्यांनी पेनड्राइव्ह लावला, हेडफोन कानांवर चढवले. "तुम्ही बोला. मला ऐकू येणार नाही."

आई गेली तेव्हा एक कादंबरी अर्ध्यावर राहिली होती. वाचनालयातून बाबांनी तीच मागवली होती. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो, आणि थोड्या वेळाने बाहेरून त्यांचं रडणं ऐकू आलं. मोठं, मोकळं. हेडफोनमुळे स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. मी दाराकडे वळले.

"जाऊ नका," तो हळूच म्हणाला. "वाचन चालू आहे त्यांचं."

आम्ही ऐकत राहिलो. ओट्यावर माझ्या हाताशेजारी त्याचा हात होता. या वेळी मी विचारलं, "हात लावू का?"

"लावा."

"सोमवारी जाणार मी," मी म्हणाले. "तुम्ही याल तिकडे?"

"इथले रस्ते मला पायांनी पाठ आहेत. तुमच्या शहरात मी पुन्हा पहिल्यासारखा आंधळा होईन."

"मी असेन ना."

"तीच तर भीती आहे." त्याने हात काढून घेतला नाही. "बाहेर ऐका. सगळं एकाच माणसाच्या डोळ्यांवर ठेवलं की असं होतं. मला यायचंय... खूप यायचंय. पण माझ्या पायांनी. तुमच्या स्टेशनपासून घरापर्यंत काय काय लागतं?"

मी सांगायला लागले आणि मला सांगता येईना. एक मोठा रस्ता, एक दुकान, मग घर. इतकी वर्षं जात-येत होते, आणि माझ्याजवळ एवढंच होतं.

"यावर कोणी येईल का?" तो म्हणाला. "जा, आणि नीट सांगा."

सोमवारी संध्याकाळी गाडीतून उतरले आणि त्याला फोन लावला.

"स्टेशनच्या दाराबाहेर उतार आहे," मी म्हणाले. "पायाला कळतो. संपला की खरबरीत फरशी."

"मग?"

"मग रस्ता. गाड्या दोन्हीकडून येतात. पलीकडे औषधांचं दुकान, त्याच्या दाराला घंटा आहे. ही आजच ऐकली मी."

"बरं. मग?"

"दुकानानंतर फूटपाथ उखडलाय. इथे तुम्ही पडाल."

"पडेन. पुढे?"

"पुढे कोपरा. वारा एकदम डावीकडून लागतो. एक लोखंडी खांब आहे, हाताला गार लागतो. इथे..."

इथे उभी राहून मी रोज संध्याकाळी आईला फोन करायचे. जेवलीस का, ती विचारायची, आणि मी म्हणायचे, अगं अजून घरी तरी पोचू दे. हे मी त्याला सांगितलं की नुसतंच मनात आलं, ते मला आता आठवत नाही. खांबाला हात लावून मी उभी होते. माणसं वळसा घालून जात होती. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या गल्लीतली कुठलीशी सायकल.

"थांबलीस?" तो म्हणाला.

"हो."

"हवं तेवढं थांब. मग सांग पुढे."