एक कान, दोन हाका

नवा यंत्रमानव दर्या सकाळपासून एकच गोष्ट सांगत होता. वेधशाळेच्या नेटवर्कवर कोणीतरी सारखं ‘सात कोण आहे?’ असं विचारत होतं, आणि सात काही तो नव्हता.

रेवाला हे कोडंच वाटलं. बेटावरची ही छोटी वेधशाळा सांभाळणारे तिचे आजोबा मात्र गंभीर झाले. सात हा जुन्या यंत्रमानवाचा, खलाशीचा, आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र शोधण्यासाठी दिलेला क्रमांक). खरा पत्ता लांबलचक. घरात सगळे त्याचा शेवटचा आकडाच म्हणत. खलाशी काल कायमचा बंद पडला होता. त्याच्या जागी आलेल्या दर्याचा पत्ता वीस. नव्या होड्या वीसला वाऱ्याची खबर विचारत; पण आजीचे धाकटे भाऊ, भिकूआजोबा, यांच्या होडीतलं जुनं यंत्र फक्त सातलाच ओळखत होतं. ते खोल समुद्रात होते. तिथे फोन लागत नव्हता, आणि संध्याकाळी वादळी वारा सुटणार होता.

आजोबांनी दर्याचा वीस पुसून सात लिहिला. भिकूआजोबांच्या होडीने पुन्हा विचारण्याआधीच, संपर्कातल्या होड्या दाखवणाऱ्या फलकावरचे बाकी सगळ्या होड्यांचे दिवे विझले. त्यांनी घाईने परत वीस केला.

“चुकलंच माझं,” ते पुटपुटले. एका नेटवर्क कार्डाला (यंत्राला नेटवर्कशी जोडणारा भाग) एकच पत्ता, असंच ते आजवर करत आले होते. दुसरं कार्ड मिळायला उद्या उजाडणार होतं.

एवढ्यात भिकूआजोबांची बायको दारात आली. “हिराक्का, काही कळलं का?”

“ओ, आले,” आजी म्हणाली.

मागच्या दारी शेजारीण उभी होती. तिने हाक मारली, “मंदाकिनीबाई...”

“ओ, आले गं.”

आजीचं माहेरचं नाव हिरा. लग्नात ते बदलून मंदाकिनी ठेवलं होतं. रेवा आजीकडे बघतच राहिली.

“आजोबा, आजी एकच आहे ना? तरी दोन्ही नावांना ओ देते. मग दर्याला का नाही जमणार?”

आजोबा लगेच उठले. मग त्यांनी आधी खलाशीची तार काढली. दोन यंत्रं एकच पत्ता सांगू लागली, तर निरोप कुणाकडे जाणार? मग दर्याचा वीस तसाच ठेवून त्यांनी त्याच कार्डाला सातही जोडला. ते समजावत होते: प्रत्येक निरोपावर पत्ता असतो, आता कार्ड दोन्ही पत्त्यांचे निरोप घेईल आणि ज्या पत्त्यावर विचारलं, त्याच पत्त्यावरून उत्तर देईल. म्हणजे होडीलाही उत्तर ओळखीचं वाटेल.

फलकावर सगळे दिवे तसेच होते. मग आणखी एक लागला.

“सातला विचारलं,” दर्या म्हणाला. “मी सांगितलं.”

एका कार्डाला असे पुष्कळ पत्ते देता येतात, हे कळल्यावर रेवाने पलीकडच्या बेटांच्या, जुनेच पत्ते ओळखणाऱ्या होड्याही मोजायला घेतल्या. आजी मात्र धक्क्यावर जाऊन बसली होती. उन्हं कलता कलता पाण्यावरून ओळखीची हाक आली.

“हिराक्का!”

“ओ,” आजी म्हणाली, आणि उठून उभी राहिली.