उपरण्याची गाठ

कुशल, तो मोबाइल पालथा घाल आधी. आणि हिमानी, तू जिन्याचं दार लोटून ये, वारा येतोय. हं. आता हसायचं नाही. प्रसन्न वीस वर्षं बँकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. खोटं बोलायची वेळ आली तर त्याची जीभ अडखळते, असा माणूस. त्यानं हे सांगितलं तेव्हा हातातला चहा तसाच गार झाला होता.

दोन हजार तेवीस साल. नोव्हेंबरची चोवीस तारीख, शुक्रवार, कार्तिकातली द्वादशी. ब्रह्माघाटावर त्यांच्या घरी तुळशीचं लग्न. प्रसन्न बँकेतून येताना आवळे, चिंचा, बत्तासे सगळं घेऊन आला आणि ऊस आणला एकच. ऋता, त्याची बायको, म्हणाली, "एका उसाचा मांडव कसा उभा करू? खांद्यावर धरून उभे राहता का तुम्ही?" झालं, पुन्हा चपला घातल्या.

घरात वडील, वेणीमाधव. सगळे अण्णा म्हणायचे. पन्नास वर्षं घाटावर यात्रेकरूंच्या पूजा सांगितल्या, आणि आता जेवलो की नाही तेही आठवेना. मंगलाष्टकं मात्र खडान् खडा पाठ! दोनदा घरातून निघून गेले होते. एकदा तर पार रामनगरात सापडले, एका हलवायाच्या फळीवर बसलेले, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. तेव्हापासून ऋतानं त्यांच्या प्रत्येक सदऱ्यात, बंडीत नाव आणि फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवली. बाहेरच्या दाराला कायम कुलूप.

पण त्या दिवशी लग्न लावायचं म्हणून अण्णांनी आंघोळ करून सोवळं नेसलं, उपरणं घेतलं. सोवळ्याला शिवण चालते का? नाही चालत. सदरा खुंटीला राहिला, आणि त्याच्याबरोबर तो नंबरही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही हो!

प्रसन्न निघतोय तर अण्णा पाटावरून म्हणाले, "अरे, शरदिनी कुठाय? गाठ मारायची राहिलीय."

शरदिनी म्हणजे प्रसन्नची आई. पूजेला बसताना बायकोच्या पदराची नवऱ्याच्या उपरण्याला गाठ मारतात, माहितीय ना तुम्हाला? ती माउली तर घाटावर गर्दी असली की भर रस्त्यात मारायची, नवरा हरवू नये म्हणून. लोक हसायचे, ती खुशाल हसू द्यायची. त्याच्या तीन वर्षं आधी गेली बिचारी.

एरवी घरातले "येईल हं" म्हणून वेळ मारून न्यायचे. पण संध्याकाळपासूनची ती सहावी वेळ होती, दिवसभराचा शीण होता. प्रसन्न खेकसला, "किती वेळा सांगू अण्णा? आईला मणिकर्णिकेवर पोचवून तीन वर्षं झाली!"

अण्णा उपरण्याचं टोक चाचपत राहिले. प्रसन्नला लगेच वाईट वाटलं, पण तो तसाच बाहेर पडला. पाच मिनिटांत तर यायचंय म्हणून कुलूप लावलं नाही.

ऊस घेऊन परत आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दार सताड उघडं. पाट रिकामा. ऋता स्वयंपाकघरात खीर ढवळत होती, तिला वाटलं कुलूप आहे.

तिनं पोलिसांना फोन लावला. तिकडून विचारलं, "कपड़ों पर कुछ लिखा है?" ती "हाँ" म्हणाली, आणि तिची नजर खुंटीकडे गेली. सदरा तिथेच होता.

प्रसन्न पायऱ्या उतरून घाटावर आला. डावीकडे की उजवीकडे? मग त्याला स्वतःचेच शब्द आठवले. मणिकर्णिका. आईचं दहन झालं तो घाट. अण्णा आईला आणायला गेले होते.

तो पळत सुटला. पंचगंगेवर आकाशदिवे टांगलेले, खाली बायका दिवे सोडत होत्या. पुढे माणसं विरळ झाली. एक नाववाला नाव बांधत होता. त्याला विचारलं.

"पंडितजी? अभी तो गए हैं, भइया. माताजी साथ में थीं."

"कौन माताजी?"

"अरे, घरवाली होंगी. हरी साड़ी में. दोनों का कपड़ा आपस में बँधा था, इसलिए याद रहा."

प्रसन्न तसाच पुढे धावला. आई सवाष्ण गेली होती. हिरवा शालू नेसवून न्यायचं तसं नेलं होतं तिला. म्हणजे ती आली... न्यायलाच आली.

"आई, नको गं," तो पळता पळता मोठ्यानं म्हणाला. "आत्ता नको. मी असा बोललो त्यांना... असं नको गं."

पुढे अंधार. चितेची लाकडं लादलेल्या नावा. मणिकर्णिकेचा धूर दिसत होता. माणूस एकही नाही.

"अण्णा!"

...

पाण्यात काहीतरी पांढरं हललं.

अण्णा. कमरेपर्यंत पाण्यात. तोंड नदीकडे. पाय पुढे टाकत होते... आणि जागचे हलत नव्हते.

उपरणं त्यांच्या खांद्यावरून मागे गेलं होतं. पायऱ्यांकडे. हवेत. ताठ. कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ओढावं, तसं.

दुसऱ्या टोकाला...

कुणी नव्हतं.

प्रसन्न पाण्यात शिरला. अण्णांचा दंड धरला. तेवढ्यात उपरणं सैल झालं. पाण्यावर पडलं.

"सोड रे," अण्णा चिडून म्हणाले. "तिला आणायला निघालो, तर तीच पुढे जाऊ देईना. सारखी मागे ओढत होती."

"कोण, अण्णा?"

"कोण म्हणजे? गाठही तिनंच मारली. म्हणाली, गर्दी आहे, हरवाल."

प्रसन्न तिथेच, पाण्यात उभा राहून, लहान पोरासारखा रडला. अण्णांनीच त्याची पाठ थोपटली.

घरी आणलं, शेगडीपाशी बसवलं. ऋतानं ओलं उपरणं पिळायला घेतलं आणि तिचे हात थांबले. तिनं ते प्रसन्नपुढे धरलं.

उपरण्याच्या टोकाला दुहेरी गाठ होती. गाठीत वीतभर हिरव्या शालूचा पदर, जरीचा काठ असलेला. तो शालू प्रसन्ननं स्वतः आईच्या अंगावर सारखा केला होता, आणि त्यानंतर स्वतःच अग्नी दिला होता.

उपरणं निथळत होतं. तो तुकडा मात्र कोरडा होता. आणि त्याची एक कड जळलेली होती.