तक्रारवहीतलं दुसरं पान

पाऊस असा कोसळला, की नाउटा गावच्या चौकातल्या तीनचाकी मोटोटॅक्सीवाल्यांनीसुद्धा हात टेकले. त्याच पावसातून एक उंच, सावळा माणूस सोराइदाच्या बोटिकात, म्हणजे औषधांच्या दुकानात आला. दारातल्या पोत्यावर बूट पुसून आला... हो, पुसून! असा माणूस सोराइदानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"पॅरासिटामॉल. एक पट्टी," तो म्हणाला. पण नजर तिच्याकडे नव्हती, भिंतीवरच्या तापमापकावर होती. "एकतीस... औषधांना तीसच्या वर चालत नाही ना?"

"पावसानं उतरेल आता."

"रोज लिहिता?"

"दोनदा. सकाळी नऊला, दुपारी तीनला," असं म्हणत तिनं फ्रीजशेजारी दोरीला टांगलेली नोंदवही दाखवली आणि लगेच जीभ चावली. ह्याला कशाला सांगायचं?

तो हसला. गालाला एकाच बाजूला खळी पडली. सोराइदानं ती पाहिली, आणि पाहिली म्हणून स्वतःवरच चिडली.

तो गेल्यावर एर्मिलामावशी गल्ल्यामागून बाहेर आली. मावशी दुकानात मदतीला होती. औषधांची नावं तिला पाठ होती, आणि गावाच्या भानगडी त्याहून जास्त.

"इन्स्पेक्टर आहे गं तो! इकितोस शहरातून साध्या कपड्यात फिरतायत म्हणे. बूट बघितलेस?"

सोराइदानं भिंतीवरच्या परवान्याकडे पाहिलं. परवाना हातात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. नदीकाठच्या वस्तीत फार्मसी शिकलेली ती एकटीच, आणि इन्सुलिन ठेवायचा फ्रीजही तिचाच. दुकानाला टाळं लागलं असतं तर नाव गेलं असतंच, पण वस्तीतल्या माणसांना आरोग्य केंद्रापर्यंत दोन तास चालत जावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला तो पुन्हा हजर.

"आज काय?" तिनं विचारलं.

"खोकल्याचं काहीतरी."

"खोकून दाखवा."

तो ओशाळून खोकला. इतका खोटा खोकला शाळा बुडवणारी पोरंही काढत नाहीत.

"बरं, मग अ‍ॅन्टिबायोटिक द्या," तो म्हणाला.

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. ओळख आहे ना आपली... कालची?"

"ओळखीवर कॅमू-कॅमू फळाचं सरबत मिळतं, कोपऱ्यावरच्या गाडीवर. इथे चिठ्ठी लागते."

"शाब्बास," तो पुटपुटला. झालं! शाब्बास कोण म्हणतं? परीक्षा घेणारा. सोराइदाचा संशय पक्का झाला.

पुढचे दोन दिवस तिनं फळ्या पुसल्या, मुदत संपत आलेल्या गोळ्या वेगळ्या काढल्या, पांढरा कोट दोनदा इस्त्री केला. ओठांना जरा रंगही लावला. मावशीनं भुवया उंचावल्या तेव्हा म्हणाली, "तपासणीत नीटनेटकेपणाही बघतात." मावशी म्हणाली, "हो, हो. नियमातच आहे ते."

तो येतच राहिला. एकदा कापूस, एकदा चिकटपट्टी. तिच्याशी बोलताना त्याची नजर मधूनच मऊ व्हायची, आणि मग एकदम नोंदवहीकडे वळायची; एकदा तर त्यानं ती चाळूनही पाहिली. तिला वाटे, माणूस असाही गोड असतो आणि लबाडही... आपण कुठल्याला भुलतोय?

पाचव्या दिवशी त्यानं काहीच मागितलं नाही.

"तक्रारवही द्या, डॉक्टरबाई."

औषधवालीला तिथे डॉक्टरबाईच म्हणत. तिथल्या प्रत्येक दुकानात तक्रारवही दर्शनी भागात ठेवावीच लागते, आणि तक्रारीला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. सोराइदाच्या वहीचं पहिलं पानसुद्धा कोरं होतं. तिनं ती पुढे सरकवली.

तो बराच वेळ लिहीत होता. मग त्यानं वही तिच्याकडे वळवली.

'माझ्या आईनं सव्वीस जूनला इथून इन्सुलिन घेतलं. आहार तोच, डोस तोच, तरी साखर चारशेवर. आता ती आरोग्य केंद्रातलं घेते. नोंदवहीत चोवीस जूनला फ्रीज दोन्ही वेळा चार अंश लिहिलाय. त्या दिवशी सान हुआनच्या सणाला अकरापासून सहापर्यंत गावात वीज नव्हती. मला माहीत आहे, कारण मी बर्फाच्या कारखान्यात जनरेटरखाली घाम गाळत होतो. एल्मर पिनेदो, मेकॅनिक.'

"तुम्ही... इन्स्पेक्टर नाही?"

"मी? मला वाटलं तुम्ही खोटं लिहिणाऱ्या आहात. म्हणून रोज येऊन बघत होतो."

"आणि काय दिसलं?"

"तीच तर अडचण आहे. दोन दिवस झाले, मला तुमच्याविरुद्ध काही दिसावंसंच वाटत नाहीये. पण आई माझी आहे, डॉक्टरबाई."

सोराइदानं नोंदवही उलटली. चोवीस जून. अंक मावशीचे होते, खाली सही तिची स्वतःची. सणाला सगळं गाव पानातला हुआने भात बांधून नदीवर गेलं होतं, तीही गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी न वाचता सही ठोकली होती.

"मावशी?"

मावशीनं पदर धरावा तसा एप्रनचा कोपरा तोंडाशी धरला. "सणाचा दिवस कोरा राहू नये म्हणून आदल्या दिवशीच लिहून ठेवलं गं. सणाच्या रात्री येऊन बघते तर फ्रीज गरम, म्हणून थंडीचं बटण फिरवलं, अगदी शेवटपर्यंत. सकाळी आत बर्फ जमला होता... मी पुसून टाकला."

एल्मर हळूच म्हणाला, "म्हणजे गोठलं."

"गोठलेलं इन्सुलिन वितळलं की पुन्हा पाण्यासारखं दिसतं," सोराइदा म्हणाली, "पण त्यात दम राहत नाही."

मावशी रडवेली झाली. "उत्तरात लिही ना, म्हातारीनंच डोस चुकवला म्हणून. कोणाला कळतंय?"

खरं सांगायचं तर, क्षणभर सोराइदाच्याही मनात ते आलं. समोर परवान्याची चौकट टांगलेली होती. मग तिला चारशेचा आकडा आठवला, आणि लाज वाटली. तिनं पेन उचललं. चुकीवर पांढरा रंग लावायचा नाही, खोडरबर नाही. एकच रेघ मारायची, जुनं वाचता येईल अशी, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. 'वाचन घेतलं नाही. वीज नव्हती. नंतर फ्रीज गोठला. जबाबदारी माझी.'

तिनं सगळ्या कुप्या बाहेर काढून त्यांवर 'विक्रीसाठी नाही' लिहिलं. त्यातल्या कुप्या नेलेल्या सात घरांना फोन केले. मग स्वतःच इकितोसला जाऊन औषध खात्याच्या दफ्तरात सगळं लेखी द्यायचं आणि नवं इन्सुलिन आणायचं ठरवलं. दारात एल्मर थंडपेटी घेऊन उभा.

"तुम्ही कशाला?" तिनं डोळे बारीक केले.

"तुमच्यावर नजर ठेवायला."

परतताना गाडीत त्यानं बर्फ आणि कुप्यांमध्ये पुठ्ठा लावला. "माझा बर्फ मासा टिकवतो. ह्या कुप्यांपासून मात्र लांब ठेवायला हवा," म्हणाला. रस्ताभर ती पेटी दोघांच्या मांड्यांवर होती. कुणीच ती खाली ठेवली नाही.

दफ्तरानं तिचं दुकान पंधरा दिवस बंद केलं. परवाना राहिला, कारण तिनं स्वतः सांगितलं होतं. त्या दिवसांत नवं इन्सुलिन आरोग्य केंद्राच्या फ्रीजमधून सात घरी गेलं. एल्मरच्या आईची साखर उतरली. तो मात्र एकदाही आला नाही. सोराइदाला वाटलं, झालं काम, संपली नजर. असंच असतं. तरी रोज तीनला ती खिडकीशी जाऊन उभी राहायची.

दुकान उघडलं त्या दिवशी तीनला दारातल्या पोत्यावर बूट पुसल्याचा आवाज आला.

"तक्रारवही, डॉक्टरबाई."

"पुन्हा? आई बरी आहे ना?"

"ठणठणीत. ही तक्रार सेवेबद्दल आहे."

त्यानं दुसरं पान भरलं आणि वही वळवली. 'पंधरा दिवस दुकान बंद होतं. तुमच्या शिक्षेत लुडबूड नको म्हणून घरी आलो नाही. तक्रारदाराला तीन वाजता जायला जागाच नव्हती, फार हाल झाले.' खाली, ग्राहकाची मागणी: 'डॉक्टरबाईंनी माझ्याकडे संशयानं बघणं थांबवावं.' त्यातल्या 'संशयानं' आणि 'थांबवावं' ह्या दोन्ही शब्दांवर एकेक रेघ, जुनं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं होतं, 'थांबवू नये.' तारीख, सही, सगळं नियमानुसार.

सोराइदा हसली. मग डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवले नाहीत.

"उत्तराला पंधरा दिवस असतात," तो घुटमळत म्हणाला. "मी... थांबेन."

"मी नाही थांबणार." तिनं उत्तराच्या चौकटीत लिहिलं, 'तक्रार मान्य. मलाही हेच हवं होतं.' आणि सही केली, या वेळी दोनदा वाचून.

"अगं, तीनचं वाचन!" मावशी आतून ओरडली.

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. सोराइदानं फ्रीज बघितला, पाच अंश. नोंदवहीत खरी वेळ लिहिली. शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण द्यावं लागतं. तिनं त्याच्याकडे एकदा बघून घेतलं आणि लिहिलं, 'एल्मर.'