पुसता न येणारी पाटी

काळ्या रंगाचा थेंब शिडीवरून टपकन निसटला आणि नेमका पडला तो नव्या दंतवैद्याच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर.

"अगं बाई! सॉरी हं, डॉक्टर…" शिडीवरची पाटीवाली ओशाळली.

"असू दे. निदान कोट वापरातला तरी वाटेल," तो हसला. गालाला खळी पडली आणि हिचा ब्रश उगाचच थबकला.

पाटीसाठी त्याने ठळक ब्लॅकलेटर वळण निवडलं होतं. त्याच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर होती तशी जाड, काळी, टोकदार अक्षरं. ही अक्षरं ती वडिलांकडून शिकली होती, आणि हल्ली अशी अक्षरं मागतं कोण? चपट्या ब्रशने एकेक उभा दांडा ओढताना तिला तहानभुकेचं भान राहिलं नाही. तो दारातून बघत होता — अक्षरांकडे कमी, तिच्याकडेच जास्त.

थोड्याच दिवसांत तिच्या मावशीची दाढ ठणकायला लागली. मावशीला घेऊन ती लगबगीने निघाली. दाढ मावशीची, घाई हिची! दवाखान्यासमोर मात्र मावशी अडून बसली.

"मी नाही बाई आत यायची. पाटी आहे की सुळे? नुसती बघूनच माझी दाढ दुखायची थांबली!"

मावशीला बाहेर ठेवून ती आत गेली. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि डॉक्टर एकटाच बसला होता.

"लोक येतात, पाटी बघतात आणि परत फिरतात," त्याने शेवटी सांगून टाकलं. "असंच चाललं तर कुलूप लावावं लागेल."

"मग मला बोलला का नाहीत?"

"ती रंगवताना तुमचा चेहरा पाहिला होता… पुसा म्हणायला जीभच रेटेना."

तिला एकदम भरून आलं. धंदा बुडायची वेळ आली, तरी हा माणूस तिच्यासाठी गप्प राहिला होता!

दुसऱ्या दिवशी तिने ती पाटी स्वतःच उतरवली आणि गोल, गुबगुबीत निळ्या अक्षरांची नवी लावली. मावशी मुकाट्याने आत येऊन खुर्चीत बसली. तिचा जबडा बधिर होईपर्यंत डॉक्टर भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाटीपाशी, तिच्याजवळ आला.

"मग ही जाड अक्षरं शोभतात तरी कुठे?"

"वर्तमानपत्राच्या नावाला, गाण्यांच्या पोस्टरला… थोडकंच सांगायचं असतं, पण ठासून, तिथे. दोन शब्द. जास्त झाले की वाचणाऱ्याचा जीव गुदमरतो."

"दोन पुरेत मला."

त्याने पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर खडूने वाकडंतिकडं लिहिलं — तू आवडतेस.

मावशीने खुर्चीतून मान उंचावली; तोंडात कापूस होता म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोललीच असती.

"पसंत नसेल तर… पुसून टाका," त्याचे कान लाल झाले होते. "खडूच आहे."

तिने चपटा ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि त्याच्या वाकड्या रेघेवरून पहिला जाड दांडा सावकाश खाली ओढला.

"आता नाही पुसता येणार," ती म्हणाली.